नूट रॉकनी : मुलांच्या मापाने पद्धत बेतणारा प्रशिक्षक

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात साऊथ बेंड शहरालगत नोटर डेम नावाचे कॅथॉलिक विद्यापीठ आहे. होली क्रॉस धर्मसंघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरीन यांनी १८४२ साली त्याची स्थापना केली आणि ते पवित्र मरियामातेच्या चरणी अर्पण केले. (हाच धर्मसंघ १८५३ साली मिशनकार्यासाठी बंगालमध्येही आला, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.) सामान्य अमेरिकन माणसाच्या ओठी मात्र या विद्यापीठाचे नाव रुळले ते फुटबॉलमुळे. आणि त्या फुटबॉलला ज्याने आकार दिला तो मनुष्य जन्माने कॅथॉलिक नव्हता आणि अमेरिकनही नव्हता. नूट रॉकनी हे त्याचे नाव.

येथे आरंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने खेळला जाणारा गोल चेंडू येतो. अमेरिकेतील फुटबॉल निराळा. त्यातील चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो व तो बहुधा हातातच धरला जातो. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू. आक्रमण करणाऱ्या संघाचे सात जण पुढे रांगेत उभे राहतात, चौघे मागे. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू प्रतिपक्षाला द्यायचा, असा नियम आहे. जुन्या काळी हा धष्टपुष्ट माणसांनी एकमेकांवर आदळण्याचा खेळ होता. त्यात मुले जखमी होत, काही प्राणासही मुकत. त्यावर उपाय म्हणून १९०६ साली नियम बदलले गेले आणि चेंडू हवेतून पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. रॉकनी यांच्या आयुष्यात या एका नियमाला फार मोठे स्थान आहे.

त्यांचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील व्हॉस या गावी झाला. वडील घोडागाड्या बनविणारे कारागीर होते. शिकागोत १८९३ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ते अमेरिकेस गेले आणि मग पत्नी व मुलांनाही त्यांनी तिकडे बोलावून घेतले. नूट तेव्हा पाच वर्षांचा होता. घराणे ल्युथरन पंथाचे. शालेय शिक्षणानंतर महाविद्यालयात जाण्याइतका पैसा घरी नव्हता, म्हणून या तरुणाने शिकागोच्या टपाल खात्यात काही वर्षे नोकरी केली, पैपैसा जमविला आणि १९१० साली वयाच्या बाविसाव्या वर्षी नोटर डेममध्ये प्रवेश घेतला. वर्गातील इतर मुलांच्या मानाने तो थोराड, डोक्यावरचे केस विरळ होऊ लागलेला आणि कॅथॉलिकांच्या मेळ्यात एकटा पडलेला प्रॉटेस्टंट विद्यार्थी होता. त्याचा विषय रसायनशास्त्र. त्यात त्याने इतके प्रावीण्य मिळविले की १९१४ साली उच्च श्रेणीत पदवी मिळताच विद्यापीठाने त्याला त्या विभागात साहाय्यक म्हणून ठेवून घेतले. तेथे फादर ज्युलियस न्यूलँड यांच्यासारखे संशोधक होते. याच फादरांच्या ॲसिटिलीन वायूवरील संशोधनातून पुढे निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार झाले. रॉकनी हे फुटबॉलच्या वाटेने गेले नसते तर रसायनशास्त्रात राहिले असते, यात शंका नाही.

पण १९१३ची उन्हाळी सुटी आडवी आली. रॉकनी आणि त्यांचे मित्र गस डोराई यांनी ओहायो राज्यातील ईरी सरोवराकाठी सीडर पॉइंट या सहलीच्या ठिकाणी सुटीपुरती नोकरी धरली होती. फावल्या वेळात दोघे तेथील वाळूवर एकच गोष्ट घोटीत: डोराई चेंडू फेकायचे आणि रॉकनी धावता धावता तो झेलायचे. १ नोव्हेंबर १९१३ रोजी वेस्ट पॉइंट येथे सैनिकी अकादमीच्या बलाढ्य संघाशी नोटर डेमची गाठ पडली, तेव्हा या सरावाचे चीज झाले. नोटर डेमने तो सामना ३५–१३ असा जिंकला. पुढे फेकण्याची युक्ती त्यांनी शोधली असे पुष्कळदा लिहिले जाते, ते खरे नाही. इतर संघ ती आधीपासून वापरीत होते. परंतु अंगाने हलकी मुले वजनदार संघाला हरवू शकतात, हे पूर्वेकडच्या वृत्तपत्रांना त्या दिवशी दिसले. १९१४ साली बॉनी स्काइल्स यांच्याशी रॉकनी यांचा विवाह झाला, तोही सीडर पॉइंटजवळच्या सँडस्की गावातील कॅथॉलिक चर्चमध्ये. पुढे त्यांना चार अपत्ये झाली.

त्या काळी नोटर डेमचे प्रशिक्षक जेसी हार्पर होते. शिकागो विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक ॲमॉस अलोन्झो स्टॅग यांचे ते शिष्य. रॉकनी १९१४ पासून चार वर्षे हार्पर यांचे साहाय्यक होते. हार्पर यांनी आपल्या गुरूकडून ‘शिफ्ट’ नावाची हालचाल आणली होती. मागच्या फळीतील चार खेळाडू आधी एका रचनेत उभे राहत, मग इशारा मिळताच चौघेही एका लयीत पावले टाकीत उजवीकडे वा डावीकडे चौकोनी रचनेत सरकत आणि प्रतिपक्ष सावरण्यापूर्वीच चेंडू खेळात येई. वजनाची उणीव वेगाने भरून काढण्याची ही तजवीज होती.

१९१७चा हंगाम आटोपल्यावर हार्पर निवृत्त होऊन कॅन्ससमधील गुरांच्या शेतवाडीवर निघून गेले. जाताना त्यांनी आपल्या जागी रॉकनी यांचेच नाव सुचविले. अशा रीतीने १९१८ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, रॉकनी मुख्य प्रशिक्षक झाले.

नव्या माणसाला याहून वाईट वर्ष मिळाले नसते. पहिले महायुद्ध चालू होते. अनुभवी खेळाडू सैन्यात गेले होते. जी मुले उरली होती त्यांचा बराचसा वेळ विद्यार्थी सैनिकी दलाच्या कवायतीत जाई. एरव्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना संघात घेता येत नसे, पण युद्धामुळे ती अट शिथिल झाली होती व संघ उभा करायचा तर या कोवळ्या मुलांवाचून गत्यंतर नव्हते. २८ सप्टेंबरला पहिला सामना जिंकला आणि लगेचच इन्फ्लूएंझाची भयंकर साथ आली. संपूर्ण ऑक्टोबर महिन्यात एकही सामना झाला नाही. नोव्हेंबरमध्ये खेळ पुन्हा सुरू झाला. मिशिगनच्या कृषी महाविद्यालयाने त्यांना हरविले, नौदलाच्या ग्रेट लेक्स तळावरील संघाशी ७–७ अशी बरोबरी झाली. हंगामाअखेर तीन विजय, एक पराभव, दोन बरोबरी. हा हिशेब पाहून या प्रशिक्षकाचे भविष्य कोणी वर्तविले नसते.

आम्हांला रॉकनी यांच्या चरित्रातील हेच वर्ष सर्वांत मोलाचे वाटते. नवा प्रशिक्षक आला की सहसा दोन गोष्टी घडतात. एक तर तो जुने सारे मोडीत काढतो व आपली पद्धत मुलांवर लादतो. किंवा जुन्याच वहीची नक्कल करीत बसतो. रॉकनी यांनी हार्पर यांची रचना टाकून दिली नाही. तिचा सांगाडा तसाच ठेवला, मात्र हाताशी कोणती मुले आहेत हे पाहून तिच्यात फेरफार केले. शिफ्टची लय त्यांनी अधिक बिनचूक केली, इतकी की रंगमंचावरील नर्तकांच्या रांगेवरून त्यांना ती सुचली अशी आख्यायिका झाली. रांगेच्या दोन्ही टोकांच्या खेळाडूंनाही त्यांनी या हालचालीत सामील करून घेतले. समोरच्या माणसाला आडवे पाडण्याची ताकद आपल्या मुलांत नाही हे ओळखून, त्याला केवळ क्षणभर अडवून वाट मोकळी करावी असे त्यांनी शिकविले. चेंडू घेऊन धावणारा त्या एका क्षणात निसटून जाई. रसायनशाळेत वजनमापे करणाऱ्या माणसाची ही दृष्टी होती: किती हवे तेवढेच, अधिक नाही.

त्या मुलांत जॉर्ज गिप नावाचा एक विलक्षण गुणी व तितकाच बेशिस्त तरुण होता. मिशिगनमधील लॉरियम गावचा, बाप्टिस्ट घराण्यातला. वर्गात क्वचित दिसे. पत्ते, बिलियर्ड आणि पैजा यांत रमे. १९२० साली विद्यापीठाने त्याला काढून टाकले होते व नंतर परत घेतले. अशा मुलाला रॉकनी यांनी जेवढी मोकळीक दिली तेवढी दुसऱ्या कोणाला दिली नाही. याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती अगदीच अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही. पद्धत माणसाप्रमाणे वाकवावी हे खरे, परंतु कोठवर, हा प्रश्न उरतोच. गिपच्या साथीने नोटर डेमने १९१९ व १९२० अशी दोन्ही वर्षे प्रत्येकी नऊ सामने खेळून सर्व जिंकले. १४ डिसेंबर १९२० रोजी घशाच्या संसर्गातून उद्भवलेल्या न्यूमोनियाने गिपचे निधन झाले. तो पंचवीस वर्षांचा होता. मरणापूर्वी त्याला कॅथॉलिक ख्रिस्तसभेत घेण्यात आले, असे त्याच्या शेवटच्या दिवसांविषयी सांगितले जाते.

नोटर डेमला शेजारच्या मोठ्या विद्यापीठांच्या साखळीत प्रवेश मिळत नव्हता. तेव्हा सामन्यांसाठी दूरदूर जाणे भाग पडले. हार्पर यांनी सुरू केलेली ही प्रथा रॉकनी यांनी वाढवली आणि अडचणीतूनच संघाचे नाव देशभर झाले. आगगाडीने न्यूयॉर्क, नेब्रास्का, जॉर्जिया, पुढे कॅलिफोर्निया. या प्रवासात संघ जेथे उतरे तेथील आयरिश, पोलिश, इटालियन कष्टकरी कॅथॉलिक मंडळी सामन्याला गर्दी करीत. त्यांनी विद्यापीठाचे तोंडही पाहिलेले नसे, तरी हा संघ त्यांचा होता. याचे कारण समजण्यासाठी त्या काळाकडे पाहिले पाहिजे. कॅथॉलिक म्हणजे पोपचे हस्तक, खरे अमेरिकन नव्हेत, असे उघडपणे म्हटले जात असे. इंडियाना राज्यात क्लू क्लक्स क्लॅन ही द्वेषमूलक संघटना त्या वेळी अतिशय प्रबळ होती. मे १९२४ मध्ये क्लॅनने साऊथ बेंड येथे मेळावा भरविला तेव्हा नोटर डेमचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, हातघाई झाली. अखेर विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांना शहरात जाऊन मुलांना समजावून परत आणावे लागले.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत रॉकनी यांचा सर्वांत प्रसिद्ध संघ मैदानात उतरला. मागच्या फळीत हॅरी स्टुलड्रेहर, जिम क्राउली, डॉन मिलर व एल्मर लेडन हे चौघे. वजनाने प्रत्येकी सुमारे सत्तर-पंचाहत्तर किलो, म्हणजे त्या खेळाच्या मानाने किरकोळच. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये सैनिकी अकादमीचा १३–७ असा पराभव झाल्यावर ग्रँटलंड राइस या क्रीडालेखकाने या चौघांना प्रकटीकरणाच्या ग्रंथातील चार घोडेस्वारांची उपमा दिली. लगेच त्यांना खरोखरीच्या घोड्यांवर बसवून छायाचित्र काढण्यात आले व ते देशभर छापून आले. पुढच्या रांगेतील सात जणांचे नाव मात्र कोणी घेईना. ते स्वतःला गमतीने सात खेचरे म्हणवून घेऊ लागले. घोडेस्वारांच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून रॉकनी यांनी एकदा ही सातही खेचरे बाहेर बसवली व वाट मोकळी करणारे कोणी नसले की काय होते ते चौघांना अनुभवू दिले, असे सांगतात.

आणखी एक युक्ती या काळातील. सामन्याच्या आरंभी ते आपला दुय्यम संघ उतरवीत. प्रतिपक्ष त्याच्याशी झुंजून दमला की मग पहिले अकरा ताज्या दमाने येत. यात डावपेच तर होताच, शिवाय एरव्ही बाकावर बसून राहिली असती अशा मुलांनाही खेळायला मिळे. १९२४ साली संघाने दहाही सामने जिंकले; त्यांतील शेवटचा, १ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियात झालेला रोझ बोल, स्टॅनफर्डविरुद्ध २७–१० असा.

सतत पंधरा वर्षे रॉकनी कॅथॉलिकांत वावरले, कॅथॉलिक चर्चमध्ये विवाहबद्ध झाले, मुले त्याच श्रद्धेत वाढत होती. तरीही ते स्वतः ल्युथरनच होते आणि होली क्रॉसच्या धर्मगुरूंनी त्यांच्यावर कधी दडपण आणले नाही. पूर्वेकडील एका सामन्याच्या प्रवासाविषयी त्यांनी पुढे स्वतःच सांगितलेली आठवण अशी. पहाटे झोप येईना म्हणून ते हॉटेलच्या दिवाणखान्यात येऊन बसले. थोड्याच वेळात त्यांचे खेळाडू एकेक करून खाली उतरू लागले आणि बाहेर पडू लागले. सामन्याच्या दिवशी मिळणारी झोप सोडून ही मुले पवित्र मिस्सेला चालली होती. प्रशिक्षकही त्यांच्यासोबत गेले. मुले ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी वेदीकडे जात होती आणि ते मागे बसून राहिले होते. या दृश्याने त्यांच्या मनात घर केले. फादर व्हिन्सेंट मूनी यांच्याकडे त्यांनी धर्मशिक्षण घेतले आणि २० नोव्हेंबर १९२५ रोजी विद्यापीठाच्या आवारातील लाकडी ओंडक्यांच्या छोट्या चॅपेलमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या धाकट्या नूटचा प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार होता. पित्यानेही पुत्रासोबत प्रथमच ख्रिस्तशरीर स्वीकारले. त्याच दुपारी नॉर्थवेस्टर्नविरुद्धच्या सामन्यात त्यांचा संघ मध्यंतराला दहा गुणांनी मागे होता. शेवटी तो १३–१० असा जिंकला.

यावरून कोणी समजेल की त्या दिवसापासून हा मनुष्य निर्दोष झाला. तसे नव्हते. पुढच्याच महिन्यात त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी गुपचूप करार केला. बातमी फुटताच मोठी नाचक्की झाली आणि करारातून त्यांना माघार घ्यावी लागली. नोटर डेमने त्यांना क्षमा केली व ठेवून घेतले. पुढच्या वर्षी, २७ नोव्हेंबर १९२६ रोजी, कार्नेगी टेकविरुद्धचा सामना सोपा आहे असे धरून ते शिकागोला दुसराच एक सामना पाहायला गेले. इकडे त्यांचा संघ ०–१९ असा हरला. हे अपयश त्यांच्या मुलांचे नव्हते.

१९२७ साली नियमकर्त्यांनी शिफ्टवरच बंधन घातले: सरकल्यानंतर पूर्ण एक सेकंद स्थिर उभे राहिल्यावरच चेंडू खेळात आणायचा. ज्या वेगावर सारी पद्धत उभी होती त्याच्याच मुळावर हा घाव होता. रॉकनी यांनी जाहीरपणे कुरकुर केली, पण मैदानावर मात्र ते पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसले. १९२८ साली पाच विजय व चार पराभव अशी त्यांची सर्वांत वाईट कामगिरी झाली. त्याच हंगामात १० नोव्हेंबरला यांकी स्टेडियममध्ये सैनिकी अकादमीविरुद्ध खेळताना त्यांनी मुलांना मृत गिपच्या अखेरच्या इच्छेची गोष्ट सांगितली आणि संघाने १२–६ असा विजय मिळविला. गिप खरोखर तसे बोलला होता का, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. १९४० साली निघालेल्या चित्रपटात गिपची भूमिका रोनाल्ड रेगन यांनी केली आणि ते पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, त्यामुळे ही गोष्ट अजरामर झाली.

१९२९ साली नवे स्टेडियम बांधले जात असल्याने सर्वच सामने बाहेर खेळावे लागले. त्यातच रॉकनी यांच्या पायाच्या शिरेत रक्त साकळले. जिवाला धोका असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. काही सामन्यांना ते जाऊच शकले नाहीत. कार्नेगी टेकविरुद्ध मात्र ते चाकांच्या खुर्चीत बसून हजर राहिले आणि तो सामना ७–० असा जिंकला. सरावाच्या वेळी मोटारीत पाय पसरून बसत व ध्वनिवर्धकातून सूचना देत. नऊपैकी नऊ सामने जिंकले. १९३० साली नव्या स्टेडियमसह दहापैकी दहा. आता संघातील मुले अधिक भक्कम होती, एक सेकंदाचा थांबा अंगवळणी पडला होता आणि शिफ्टमधील वेगाची जागा अचूकपणाने घेतली होती. तेरा हंगामांचा एकूण हिशेब: १०५ विजय, १२ पराभव, ५ बरोबरी.

३१ मार्च १९३१, पवित्र आठवड्यातील मंगळवार. एका चित्रपटाच्या कामासाठी रॉकनी लॉस एंजेलिसला निघाले होते. त्यांचे दोन थोरले मुलगे कॅन्सस सिटीतील शाळेत शिकत होते. मुलांची आगगाडी उशिरा येत होती व विमानाची वेळ झाली होती, म्हणून भेट झाली नाही. त्यांचे विमान कॅन्ससमधील बझार गावाजवळच्या माळरानावर कोसळले आणि आठही जण मरण पावले. विमानाचा पंख लाकडी होता. आतील सांध्यांत ओल शिरून डिंक सुटला होता. एवढा लोकप्रिय मनुष्य गेल्याने लोकमत खवळले. विमानांची रचना, तपासणी आणि अपघातांची चौकशी यांत त्यानंतर जे बदल झाले, त्यांचा लाभ पुढील असंख्य प्रवाशांना झाला. त्यांच्याजवळ जपमाळ सापडली असे सांगितले जाते.

पवित्र शनिवारी, ४ एप्रिल रोजी, नोटर डेमच्या येशूच्या पवित्र हृदयाच्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर चार्ल्स ओडॉनेल यांनी प्रवचन केले. रॉकनी त्रेचाळीस वर्षांचे होते.

त्यांचे शिष्य तोपर्यंत देशभरच्या महाविद्यालयांत प्रशिक्षक झाले होते. जिम क्राउली १९३३ साली न्यूयॉर्कमधील जेझुइटांच्या फोर्डहॅम विद्यापीठात गेले. त्यांच्या हाताखाली विन्स लोम्बार्डी नावाचा एक इटालियन वंशाचा कॅथॉलिक मुलगा खेळला, जो पुढे व्यावसायिक फुटबॉलमधील थोर प्रशिक्षक ठरला. १९१८च्या त्या फाटक्या संघातील कर्ली लॅम्बो यांनी तर दुसऱ्याच वर्षी ग्रीन बे गावी पॅकर्स हा संघ उभा केला होता, आणि लोम्बार्डी पुढे त्याच पॅकर्सचे प्रशिक्षक झाले. नोटर डेममध्ये रॉकनी यांच्या जागी त्यांचाच जुना खेळाडू हंक अँडरसन आला. क्रीडा विभागाचे संचालकपद सांभाळायला मात्र कोणीतरी जाणते माणूस हवे होते. तेव्हा कॅन्ससमधील आपली गुरे सोडून जेसी हार्पर, तेरा वर्षांपूर्वी रॉकनी यांच्या हाती जे कार्यालय सोपवून गेले होते, तेथे परत आले.